माकडांचे व्हायरस, त्यांचे जीनोम आणि त्यांची नातीगोती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रायमेट व्हायरस म्हणताना नेमके कोणते व्हायरस धरायचे?

माकडं, एप्स (चिंपँझी, गोरिला असे बिनशेपटीचे), लेमूर आणि आपण माणसं, या सगळ्यांच्या अंगात पिढ्यानपिढ्या वस्ती करून असलेले व्हायरस. इथे जास्त करून एचआयव्ही आणि एसआयव्ही (एचआयव्हीचे माकडांतले आणि एप्समधले नातेवाईक), फोमी व्हायरस आणि हर्पीस यांच्याबद्दलच लिहिलंय कारण नात्यांचा अभ्यास सगळ्यात खोल यांचाच झालाय आणि गैरसमजही यांच्याबद्दलच जास्त आहेत. एखाद्या माकडात एकदा सापडला म्हणून तो व्हायरस माकडांचा होत नाही. झिका 1947 साली युगांडाच्या जंगलात पिंजऱ्यात ठेवलेल्या एका रीसस माकडात पहिल्यांदा सापडला, पण म्हणून तो रीससचा व्हायरस नाही, डासांमार्फत फिरणारा आहे.

मग मंकीपॉक्स तरी माकडांचा आहे ना?

नाही. 1958 मध्ये कोपनहेगनच्या एका लॅबमधल्या माकडांमध्ये तो दिसला म्हणून ते नाव पडलं. निसर्गात त्याचा मुक्काम बहुधा आफ्रिकेतल्या उंदीर, खारी अशा कुरतडणाऱ्या प्राण्यांमध्ये असतो, माकडंही आपल्यासारखीच अधूनमधून सापडतात त्याच्या तावडीत. आजाराचं अधिकृत नाव आता एमपॉक्स आहे, तेच वापरावं.

जीनोम सिक्वेन्सिंगमध्ये प्रत्यक्षात काय करतात?

व्हायरसचा जीनोम म्हणजे अक्षरांची लांबलचक ओळ, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची. लांबी व्हायरसप्रमाणे खूप बदलते. माकडांमधल्या एसव्ही40 व्हायरसचा जीनोम 5,243 अक्षरांचा, एचआयव्हीचा साधारण 9,700, फोमी व्हायरसचा 13 हजारांच्या आसपास आणि हर्पीसचा दीड लाखाच्या घरात. एचआयव्हीसारख्या व्हायरसचा जीनोम आरएनएचा असतो म्हणून आधी त्याची डीएनए कॉपी काढतात, मग पीसीआरने ती कॉपी वाढवतात आणि मग मशीनवर वाचतात. मशीन एका झटक्यात पूर्ण ओळ वाचत नाही, बहुतेक पद्धतींत बारीक बारीक तुकडे वाचले जातात आणि कॉम्प्युटर एकमेकांवर येणारे भाग जुळवून पूर्ण जीनोम उभा करतो. नॅनोपोर पद्धतीत मात्र लांब लांब तुकडे एकसलग वाचता येतात.

फ्रेडरिक सँगर यांच्या टीमने 1977 मध्ये 5,386 अक्षरांचा एक व्हायरस पूर्ण वाचला तेव्हा ती मोठी बातमी होती, पुढच्याच वर्षी एसव्ही40 वाचून झाला. आज तेवढं काम एका दिवसात होतं. पण मशीन फास्ट झालं म्हणून सॅम्पल मिळवणं सोपं झालं नाही, खरी मेहनत अजूनही जंगलातच आहे.

जंगलातल्या चिंपँझीचं रक्त कोण आणि कसं काढतं?

कोणी काढत नाही, आणि काढूही नये. चिंपँझी, गोरिला धोक्यात आलेले प्राणी आहेत, त्यांना बेशुद्ध करून सुया टोचणं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ. मग संशोधकांनी रस्ता काढला तो विष्ठेचा. ट्रॅकर पहाटे चिंपँझींच्या झोपायच्या घरट्यांखाली जातात, ताजी विष्ठा उचलून ट्यूबमधल्या एका खारट द्रावणात टाकतात, त्या द्रावणात आरएनए नासत नाही आणि फ्रीज नसला तरी बरेच दिवस टिकतो. मग लॅबमध्ये त्याच चिमूटभर विष्ठेतून तीन-चार गोष्टी काढल्या जातात: व्हायरसविरुद्धच्या अँटिबॉडी आहेत का, व्हायरसचा आरएनए मिळतो का, मायटोकाँड्रियाच्या डीएनएवरून प्राणी कुठल्या जातीचा आणि उपजातीचा, आणि इतर डीएनए खुणांवरून हा नेमका कुठला प्राणी, म्हणजे एकाच चिंपँझीला दोनदा मोजलं जाऊ नये.

मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त आदर या कामाबद्दल वाटतो. प्राण्याला हातही न लावता, त्याला दिसूही न देता, त्याच्या व्हायरसचा इतिहास कळतो. 2006 मध्ये कॅमेरूनच्या दक्षिण भागातल्या जंगलांमधून याच पद्धतीने गोळा केलेल्या सॅम्पल्समुळे एचआयव्हीचा उगम नकाशावर बोट ठेवून दाखवता आला.

सिक्वेन्स हातात आला, पुढे नातं कसं ठरवतात?

सगळे सिक्वेन्स एकाखाली एक मांडायचे, म्हणजे एका व्हायरसचं 500वं अक्षर दुसऱ्याच्या त्याच जागेच्या अक्षराखाली आलं पाहिजे, मधे कुठे अक्षरं गळाली असतील तर तिथे रिकामी जागा सोडायची. याला अलाइनमेंट म्हणतात आणि ही पायरी गचाळ झाली तर पुढचं सगळंच चुकतं. मग प्रत्येक रकान्यात कोण कोणाशी जुळतं आणि कोण वेगळं पडतं ते बघून सॉफ्टवेअर वंशवृक्ष काढतं, ज्याला सगळे ट्रीच म्हणतात.

ट्री वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे नातं टोकं शेजारी आहेत का यावरून ठरत नाही, फांद्या कुठल्या गाठीपाशी एकत्र येतात यावरून ठरतं, प्रत्येक फांदी गाठीभोवती फिरवून वरखाली केली तरी ट्री तोच राहतो. दुसरं म्हणजे गाठीपाशी लिहिलेला आकडा, बूटस्ट्रॅप. डेटा पुन्हा पुन्हा ढवळून ट्री काढला तर शंभरातल्या किती वेळा तीच गाठ मिळते ते तो आकडा सांगतो. 95 असेल तर निर्धास्त राहा, 40 असेल तर त्या गाठीवर कुठलीही कहाणी रचू नका.

आणि मूळ कुठल्या टोकाला ते ट्री आपणहून सांगत नाही, त्यासाठी आउटग्रुप लागतो, म्हणजे गटाच्या बाहेरचा पण लांबचा नातेवाईक असलेला एक व्हायरस मुद्दाम घ्यायचा.

माकडांच्या जाती वेगळ्या होत गेल्या तसे त्यांचे व्हायरसही वेगळे होत गेले का?

हाच या विषयाचा गाभा आहे आणि उत्तर व्हायरसागणिक वेगळं आहे. म्हणून नुसता व्हायरसचा ट्री बघून भागत नाही, शेजारी होस्टचा म्हणजे माकडांचा ट्री ठेवावा लागतो. दोन्ही ट्री फांदीला फांदी जुळले तर व्हायरस होस्टसोबतच उत्क्रांत झाला, कुठे फांद्या एकमेकींना छेदून गेल्या तर तिथे व्हायरसने एका जातीतून दुसऱ्या जातीत उडी मारली असण्याची शक्यता आहे.

फोमी व्हायरस हे पहिल्या प्रकारचं सुंदर उदाहरण आहे. 2005 मध्ये आशिया आणि आफ्रिकेतल्या माकडांचे आणि एप्सचे फोमी व्हायरस होस्टशेजारी ठेवून तपासले तेव्हा दोन्ही ट्री इतके जुळले की ही सोबत निदान 3 कोटी वर्षांची आहे असा निष्कर्ष निघाला. हा व्हायरस लाळेतून पसरतो, प्राण्याला आजारी पाडत नाही आणि बदलतोही अतिशय हळू. माणसाचा स्वतःचा फोमी व्हायरस नाही. 1971 मध्ये केनियातल्या एका पेशंटमध्ये एक सापडला होता आणि बरीच वर्षं त्याला ह्यूमन फोमी व्हायरस म्हटलं जायचं, पण सिक्वेन्स तपासल्यावर तो चिंपँझीच्या फोमी व्हायरसच्या फांदीवर जाऊन बसला, म्हणजे चिंपँझीकडूनच आलेला.

एसआयव्ही त्याच्या उलट. आफ्रिकेतल्या 40 पेक्षा जास्त प्रायमेट जातींमध्ये तो सापडलाय, काही ठिकाणी होस्टशी जुळतो, काही ठिकाणी सरळ उड्या आहेत. आशियातल्या माकडांमध्ये निसर्गात तो मिळालेलाच नाही. रीससमध्ये जो मिळाला तो 1980च्या दशकात अमेरिकेतल्या प्राणी संशोधन केंद्रात, आणि तो तिथे सूटी मँगबे या आफ्रिकन माकडांकडून आला होता.

एचआयव्ही चिंपँझीकडूनच आला हे इतक्या खात्रीने कसं सांगता?

सगळ्यात आधी, एचआयव्ही हा एक व्हायरस नाही. एचआयव्ही-1 चे एम, एन, ओ आणि पी असे चार ग्रुप आहेत आणि ते ट्रीवर एकमेकांना चिकटून बसत नाहीत, त्यांच्यामध्ये चिंपँझी आणि गोरिलांचे व्हायरस घुसलेले दिसतात. चारही ग्रुप माणसाच्या एकाच मूळ व्हायरसपासून निघाले असते तर ते सगळे एका फांदीवर असते. तसं नाहीये, म्हणून चार वेगवेगळ्या उड्या. एम आणि एन मध्य आफ्रिकेतल्या चिंपँझींकडून, ओ आणि पी गोरिलांकडून, आणि गोरिलांना तो आधी चिंपँझींकडून मिळालेला. एचआयव्ही-2 चा तर वंशच वेगळा, तो पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगबेकडून आला आणि त्याचे ए ते आय असे ग्रुप धरले तर किमान नऊ उड्या होतात.

यातला जगभर पसरलेला फक्त ग्रुप एम. ग्रुप पी 2009 मध्ये कळला आणि त्याचे पेशंट हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नाहीत. म्हणजे उडी मारणं आणि साथ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सिक्वेन्सवरून जागाही कळते कारण चिंपँझी मोठी नदी ओलांडत नाहीत, त्यामुळे प्रत्येक भागातल्या कळपांचे व्हायरस आपापली फांदी धरून असतात. ग्रुप एमला सगळ्यात जवळचे व्हायरस कॅमेरूनच्या आग्नेय कोपऱ्यातल्या चिंपँझींमध्ये मिळाले.

आणि चिंपँझीला कुठून मिळाला?

माकडांकडून, आणि तोही एका माकडाकडून नाही. 2003 मध्ये दाखवून दिलं गेलं की चिंपँझीच्या व्हायरसचा पुढचा भाग रेड-कॅप्ड मँगबेच्या व्हायरसशी जुळतो आणि मागचा, म्हणजे बाहेरचं आवरण बनवणारा भाग, ग्रेटर स्पॉट-नोज्ड माकड आणि त्याच्या जवळच्या जातींच्या व्हायरसशी. दोन वेगळ्या पुस्तकांची अर्धी अर्धी पानं एकत्र शिवून एक पुस्तक करावं तसा हा प्रकार, याला रिकॉम्बिनेशन म्हणतात. चिंपँझी छोटी माकडं मारून खातात, त्यातून दोन्ही व्हायरस चिंपँझींमध्ये शिरले आणि कधीतरी एकाच पेशीत भेटले असं मानलं जातं.

यामुळेच पूर्ण जीनोमचा एकच ट्री काढून मोकळं होता येत नाही. रिकॉम्बिनंट व्हायरसचा एकच ट्री काढला तर सॉफ्टवेअर न कुरकुरता काहीतरी मधलंच चित्र देतं आणि ते दिसायला अगदी व्यवस्थित असतं.

जीनोमवरून व्हायरसचं वय काढता येतं ना, मग एसआयव्ही किती जुना?

इथे जरा थांबून वाचा कारण सगळ्यात जास्त चुकीचे आकडे इथेच फिरतात.

वय काढायची पद्धत म्हणजे मॉलेक्युलर क्लॉक. वेगवेगळ्या वर्षी घेतलेली सॅम्पल्स असतील तर दर वर्षी किती अक्षरं बदलतात ते मोजता येतं, एचआयव्हीत हा वेग साधारण दर हजार अक्षरांमागे वर्षाला एक ते काही असा असतो. मग त्या वेगाने मागे मागे जायचं. ग्रुप एमसाठी हे छान चालतं. काँगोतल्या किन्शासा शहरातली दोन जुनी सॅम्पल्स मिळाली, एक 1959 चं रक्त आणि एक 1960 चं लिम्फ नोडचं, मेणात जपून ठेवलेलं. दोन्ही एकाच शहरातली, जेमतेम वर्षभराच्या अंतराने घेतलेली, तरीही एकमेकांपासून इतकी वेगळी निघाली की व्हायरस तोपर्यंत कित्येक दशकं माणसांत फिरत असणार हे उघड होतं. 2008 मधल्या हिशोबात ग्रुप एमचा सामाईक पूर्वज 1908 च्या आसपासचा निघाला, 1884 ते 1924 या पट्ट्यात. नुसतं 1908 सांगू नका, पट्टाही सांगा.

आता हाच वेग धरून माकडांच्या एसआयव्हीचं वय काढलं तर काही शे किंवा फार तर काही हजार वर्षं असं उत्तर यायचं. 40 जाती, अर्धा खंड, इतका फरक, आणि वय काही शे वर्षं? पण आकडेमोड तर तेच सांगत होती.

उत्तर मिळालं बायोको बेटावर. हे बेट आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यासमोर आहे आणि हिमयुग संपताना समुद्राची पातळी वाढली तेव्हा, म्हणजे सुमारे 10 हजार वर्षांपूर्वी, मुख्य भूमीपासून तुटलं. तेव्हापासून तिथली माकडं अडकून आहेत. 2010 मध्ये बायोकोवरच्या माकडांचे एसआयव्ही तपासले तर ते मुख्य भूमीवरच्या त्याच किंवा जवळच्या जातींच्या एसआयव्हीशी जुळले. माकडं पोहून तर गेली नाहीत, म्हणजे बेट तुटलं तेव्हा हे व्हायरस आधीच त्यांच्या अंगात होते. ती तारीख खिळा म्हणून ठोकून पुन्हा हिशोब केला तर एसआयव्हीचं वय किमान 32 हजार वर्षं आलं, आणि किमान हा शब्द महत्त्वाचा, खरं वय याहून खूप जास्त असू शकतं.

असं का होतं? कारण थोड्या वर्षांत मोजलेल्या वेगात बरेचसे असे बदल असतात जे पुढे टिकत नाहीत, आणि दुसरं म्हणजे एकच जागा पुन्हा पुन्हा बदलली की आधीचे बदल पुसले जातात, आपल्याला फक्त शेवटचं अक्षर दिसतं. म्हणून जवळचा वेग लांबच्या काळाला लावला की वय लहान येतं. जीनोमच्या बाहेरचा एखादा खिळा, म्हणजे बेट, जुनं सॅम्पल किंवा होस्टचा ट्री, हाताशी नसेल तर लांबच्या तारखांवर विश्वास ठेवू नका, मग ते कितीही भारी सॉफ्टवेअर असो.

याहून जुना काही पुरावा आहे का?

आहे, तोही प्राण्यांच्याच डीएनएमध्ये. रेट्रोव्हायरस, म्हणजे एचआयव्हीसारखे स्वतःची डीएनए कॉपी पेशीच्या डीएनएत घुसवणारे व्हायरस, कधीकधी अंडपेशीत किंवा शुक्रपेशीत शिरून कायमचे तिथेच राहतात आणि पुढच्या पिढ्यांना वारशाने मिळतात. आपल्या स्वतःच्या जीनोमचा जवळपास 8 टक्के भाग अशा जुन्या रेट्रोव्हायरसचे अवशेष आहेत. 2008 मध्ये मादागास्करच्या ग्रे माउस लेमूरच्या जीनोममध्ये एसआयव्हीच्या गटातल्याच एका व्हायरसचे अवशेष सापडले, पुढच्या हिशोबात ते 40 लाख वर्षांच्या आसपास जुने निघाले. म्हणजे हा गट प्रायमेट्समध्ये लाखो वर्षांपासून आहे.

पोलिओच्या लसीतून एचआयव्ही पसरला असं वाचलं होतं, त्याचं काय?

खोटं आहे. 1957 ते 1960 दरम्यान बेल्जियन काँगोमध्ये दिलेली तोंडाने घ्यायची लस किसांगानीजवळच्या चिंपँझींच्या पेशींवर वाढवली होती, असा तो दावा. 2004 मध्ये त्याच भागातल्या चिंपँझींचा एसआयव्ही सिक्वेन्स केला तर तो ट्रीवर वेगळ्याच फांदीवर बसला, एचआयव्ही-1 चा तो पूर्वज असूच शकत नाही. जपून ठेवलेल्या लसीच्या कुप्या तपासल्या तर त्यात चिंपँझीचा नाही, मकाक माकडाचा डीएनए मिळाला. आणि ग्रुप एम लसीच्या कित्येक दशकं आधीचा आहे हे वर आलंच.

यात एसव्ही40 ची गल्लत करू नका. तो माकडांच्या किडनीच्या पेशींमधून काही जुन्या पोलिओ लसींमध्ये खरोखर मिसळला होता, 1960 मध्ये लक्षात आला आणि मग लसी त्याच्यासाठी तपासायला लागले. पण तो पूर्णपणे वेगळ्या घराण्यातला डीएनए व्हायरस आहे, एचआयव्हीशी त्याचं काही नातं नाही.

उडी मारल्यावर व्हायरसला काही बदल करावे लागतात का?

लागतात, आणि सिक्वेन्समध्ये ते बोट ठेवून दाखवता येतात. एचआयव्ही-1 च्या मॅट्रिक्स प्रोटीनमधली 30 नंबरची जागा बघा. चिंपँझींच्या व्हायरसमध्ये तिथे बहुतेक वेळा मेथिओनिन हे अमिनो ॲसिड (प्रोटीनच्या साखळीतली एक कडी) असतं, माणसांच्या एम, एन आणि ओ या वेगवेगळ्या उड्यांमध्ये मात्र तिथे आर्जिनिन किंवा त्याच्यासारखंच लायसिन आलेलं दिसतं, म्हणजे तोच बदल पुन्हा पुन्हा. आणि पूर्वी लॅबमध्ये चिंपँझींना माणसाचा एचआयव्ही दिला होता त्या सॅम्पल्समध्ये तीच जागा परत मेथिओनिनवर गेलेली आढळली! एका अक्षराच्या बदलात होस्ट कोण ते लिहिलेलं आहे.

दुसरं उदाहरण टेथरिन. हे आपल्या पेशींमधलं प्रोटीन नवीन तयार झालेल्या व्हायरसला पेशीच्या पृष्ठभागावर बांधून ठेवतं. चिंपँझीचा व्हायरस नेफ नावाच्या प्रोटीनने ते सोडवतो, पण माणसाच्या टेथरिनमध्ये नेफ जिथे पकडतं तिथलाच पाच अमिनो ॲसिडचा तुकडा नाहीये. मग ग्रुप एमने व्हीपीयू नावाचं दुसरं प्रोटीन त्या कामाला लावलं. एम इतका पसरला त्यामागे हे एक कारण असावं असं बऱ्याच संशोधकांना वाटतं, पण शहरं, रेल्वे, माणसांची ये-जा यांचा वाटाही तेवढाच मोठा, सगळं श्रेय एका प्रोटीनला देता येणार नाही.

हर्पीसचं काय? माणसात दोन प्रकार का असतात?

इतर बहुतेक प्रायमेट्समध्ये या गटाचा एकच हर्पीस असतो, आपल्यात दोन, एचएसव्ही-1 आणि एचएसव्ही-2. होस्टचा ट्री शेजारी ठेवला की कारण दिसतं. एचएसव्ही-2 हा एचएसव्ही-1 पेक्षा चिंपँझीच्या हर्पीसला जास्त जवळचा आहे. 2014 च्या अभ्यासानुसार एचएसव्ही-1 ची फांदी सुमारे 60 लाख वर्षांपूर्वी, चिंपँझी आणि माणसाचे पूर्वज वेगळे झाले तेव्हाच वेगळी झाली आणि आपल्यासोबत आली, एचएसव्ही-2 मात्र सुमारे 16 लाख वर्षांपूर्वी चिंपँझींच्या पूर्वजांकडून आपल्या पूर्वजांमध्ये उडी मारून आला. तेव्हा आजचा माणूस अस्तित्वातही नव्हता.

म्हणजे माकडं आणि एप्स धोकादायक आहेत, त्यांना लांब हाकलावं का?

अजिबात नाही. शिकार करणं, कच्चं मांस हाताळणं, पिल्लं पकडून पाळणं यातून व्हायरस इकडे येतात, जंगलात आपापलं जगणाऱ्या प्राण्यांमधून नाही. मकाक माकडांच्या लाळेतला बी व्हायरस त्यांना जेमतेम त्रास देतो पण माणसाला चावल्यावर उपचार न झाल्यास बहुतेकदा जीव घेतो, म्हणून चावा किंवा ओरखडा लागला तर जखम लगेच भरपूर साबण-पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे जा. आणि त्रास एकतर्फी नाही. टांझानियाच्या गोंबे नॅशनल पार्कमधल्या चिंपँझींवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवल्यावर 2009 मध्ये समोर आलं की एसआयव्ही झालेले चिंपँझी त्यांच्या वयाच्या इतर चिंपँझींपेक्षा कितीतरी जास्त मरतात. तोपर्यंत त्यांना त्याचा त्रासच होत नाही असं समजलं जायचं.

मला स्वतः हे करून बघायचंय, लॅब नाहीये, जमेल का?

जमेल, सिक्वेन्स सगळ्यांना खुले आहेत. जेनबँक या खुल्या सिक्वेन्स डेटाबेसमध्ये किंवा लॉस अलामोसच्या एचआयव्ही डेटाबेसमध्ये जा, दुसऱ्या ठिकाणी तर एसआयव्हीसकट तयार अलाइनमेंटही मिळतात. सुरुवातीला वीसेक जीनोम पुरे: एचआयव्ही-1 च्या चारही ग्रुपमधले, चिंपँझी आणि गोरिलाचे, रेड-कॅप्ड मँगबे, ग्रेटर स्पॉट-नोज्ड माकड, सूटी मँगबे आणि एचआयव्ही-2. स्वतः अलाइन करायचं तर मॅफ्ट, ट्रीसाठी आयक्यू-ट्री, दोन्ही फुकट आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. अलाइनमेंट डोळ्यांनी वरपासून खालपर्यंत बघा, कुठे सगळं वेडंवाकडं दिसत असेल तर तेवढा भाग काढून टाका. मग पूर्ण जीनोमचा ट्री न काढता पोल जीनचा (जीनोमच्या पुढच्या भागातला) वेगळा आणि एन्व्ह जीनचा (बाहेरचं आवरण बनवणारा) वेगळा असे दोन काढा आणि शेजारी ठेवून चिंपँझीची फांदी शोधा: पोलमध्ये ती रेड-कॅप्ड मँगबेकडे झुकलेली दिसेल, एन्व्हमध्ये तिथून उठून स्पॉट-नोज्ड माकडाकडे गेलेली. बूटस्ट्रॅपचे आकडे तेवढे आधी बघा.